सुभेदारांचे कान

ही गोष्ट माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही. ज्यांच्या हाताखाली हे काम शिकलो त्या उस्तादांना सांगायची होती, ते गेले आणि राहून गेली. राहून गेली म्हणतो खरा, पण ते सहा महिने अंथरुणाला खिळून होते आणि मी दर रविवारी सांगलीला जाऊन त्यांच्या उशाशी बसून यायचो. वेळ नव्हता असं नाही. तोंड उघडलं नाही, एवढंच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या दुकानाची पायरी कधी चढला नाहीत. तुमच्यापुढे नाव राखण्याचं मला काही कारण नाही.

नाव — तेच तर सगळं. साताऱ्यात गाडीत चांगला आवाज करून हवा असला की लोक माझ्याकडे येतात. कंपनीतून गाडीत येतात ते स्पीकर बहुतेक पातळ कागदाचे, आवाज चढवला की फाटतात. ते काढायचे, दाराच्या पत्र्याला आतून डांबरी पट्ट्या चिकटवायच्या म्हणजे पत्रा थरथरत नाही, मग जाड पडद्याचे नवे स्पीकर बसवायचे आणि सीटखाली अँप्लिफायर. वीस वर्षं हेच करतोय. सलीम मणेरनं बसवलंय म्हणजे बघायला नको, असं लोक म्हणतात. मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो आणि आतून फुगतो.

उस्तादांचा एक नियम होता. स्पीकरच्या दोन वायरींना साधा सेल टेकवून बघायचा — पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. दोन दारांपैकी एकाची जोडणी उलटी झाली, तर एकेक बाजू वेगळी ऐकताना काही कळत नाही. दोन्ही एकदम लावल्या की एक पडदा ढकलतो आणि दुसरा ओढतो, आणि आवाजातला जो जड, घुमणारा भाग असतो तो मधल्या मधे मरतो. म्हणून सेल लावल्याशिवाय दार बंद करायचं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हे माझ्या डोक्यात भरलं होतं. वायरींचे रंग बघून अंदाजानं जोडणाऱ्यांना ते गवंडी म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी रंग बघून जोडलं.

गाडी होती एका निवृत्त सुभेदारांची. कोरेगावच्या अलीकडे त्यांचं गाव. तोफखान्यात नोकरी झालेली, पाठ अजून काठीसारखी सरळ, आणि गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, म्हणून ते तोंड खोल घुमतं. त्यांच्या मंडळाच्या भजनाचं कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं होतं, ते पेनड्राइव्हवर घालून आणलं होतं. माझ्या हातात देऊन म्हणाले, "समदं ऐकू येतंय गाडीत. टाळ येतोय, गळा येतोय. माजा डावा हात तेवढा येत न्हाई. तेवढा आणून दे." इतकं नेमकं मागणं घेऊन गिऱ्हाईक सहसा येत नाही. बाकीचे नुसतं 'दणका पाहिजे' म्हणतात.

त्यांच्या गाडीला पुढच्या दोन दारांतच स्पीकर होते. दोन्ही बदलले, सीटखाली अँप्लिफायर टाकला. मागे आणखी तीन गाड्या उभ्या होत्या, सगळ्यांना दसऱ्याला पूजेला गाडी तयार हवी होती. सुभेदार आत बसले, काच वर केली, डोळे मिटले. बराच वेळ तसेच बसले. मग त्यांनी एकदा डावी बाजू लावली, एकदा उजवी लावली, मग दोन्ही. काच खाली करून म्हणाले, "एकेक बाजू झ्याक वाजतीय. दोनी संगट लावली की माजा हात मरतोय."

आता बघा. चूक कुठं आहे याचं इतकं स्वच्छ निदान माझ्या हाताखाली शिकलेल्या एकालाही करता आलं नसतं. पखवाज ज्यानं आयुष्यभर मांडीवर घेतला, त्यालाच ते ऐकू येणार. मी आत बसून ऐकलं. रस्त्यावर एसटीचे भोंगे, ट्रॅक्टर, बाजूच्या दुकानातलं गाणं. मला ठीक वाटलं. खोट कुठं आहे हे मला त्या वेळी कळलं नाही. ती चार महिन्यांनी कळली.

थांबा. हे मी गेली तीन वर्षं स्वतःला सांगत आलोय आणि आता सवयीनं तुम्हालाही सांगून बसलो. खरं नाही ते. सुभेदारांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला कळलं होतं. दार उघडायचं, वायरी फिरवायच्या, दार लावायचं — पंधरा मिनिटांचं काम. पण समोर ती तीन गाड्यांची माणसं चहा पीत उभी होती. मणेरनं उलटं जोडलं, हे ती बघणार. बघितलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. कोण कशाला लक्षात ठेवतंय? हे आज म्हणतो. त्या वेळी मात्र मी बाहेर आलो, खिडकीशी वाकलो, आवाज मुद्दाम मऊ केला आणि विचारलं, "सुभेदार, तोफखान्यात होता न्हवं तुमी?"

"व्हय. चोवीस वर्सं."

"मग कानाचं आसंल. जड आवाज आधी जातो तोफवाल्यांचा. गाडीत कायबी न्हाई."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असंही नव्हतं ते. विचार करून बोललो होतो. मायेनं बोलल्यासारखं बोललो होतो. मला अजून त्रास होतो तो त्या मायेचा. वसकन अंगावर गेलो असतो तर ते भांडले असते, दुसऱ्या कुणाला तरी दाखवलं असतं. पण काळजीनं सांगणाऱ्याशी कोण भांडणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या काचेतून रस्त्याकडे. "आसंल," म्हणाले. गाडी चालू केली आणि गेले.

संध्याकाळी मला वाटलं, परवा फोन करू. परवाचं पुढच्या आठवड्यावर गेलं. डॉक्टरला कान दाखवून येतील, डॉक्टर म्हणेल काही झालेलं नाही, मग ते चिडून येतील, असं वाटून मी कोरेगावकडची गाडी दिसली की मान खाली घालायचो. ते आलेच नाहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय असतं ते मला त्या दिवसांत कळलं.

चार महिन्यांनी आले. डाव्या दाराची काच अडकली होती. सोबत घेवड्याची पिशवी, त्यांच्या शेतातला. मी पखवाजाचं विचारलं. का विचारलं? त्यांनी 'मस्त चाललंय' म्हणावं आणि मी सुटावं म्हणून. ते म्हणाले, "सोडला. मंडळाला देऊन टाकला." मग माझा चेहरा बघून त्यांनीच मला समजावलं. "आरं, पखवाज मला बराबरच लागलाय वाटायचं. पर गाडीत बी मला वाटलंच की न्हवं? मग इस्वास कसा ठिवायचा? मी सुरातनं उतारलेला पखवाज वाजवायचा आन् लोकांनी सुभेदार म्हणून गप बसायचं, त्यापरीस ऱ्हाऊ दे." डॉक्टरकडे गेलेच नव्हते. युनिटमधल्या बऱ्याच जणांचे कान गेले होते, त्याला औषध नसतं, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. आणि वर म्हणाले, "तू तोंडावर सांगितलंस ते बरं केलंस. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं."

मी दार उघडलं. काच खालच्या खाचेतून निसटली होती. आणि तिथंच, हाताशी, माझी जोडणी. फिरवायला अर्धं मिनिट लागलं. दार लावलं आणि ते रेकॉर्डिंग सुरू केलं. पेनड्राइव्ह अजून तिथंच होता. पहिल्या ठेक्याला सुभेदारांचा हात मांडीवर आपोआप पडला. "सलीम, आला रं. डावा हात आला."

ती वेळ होती. याहून सोपी वेळ कुणाला मिळते? माणूस खुशीत होता, आम्ही दोघंच होतो, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "तुमच्या कानाप्रमाणं शेटिंग केलंय. जड आवाज वाढवून दिलाय."

पहिलं खोटं लाजेपोटी होतं म्हणा. हे कशापोटी होतं? त्यांनी मान हलवली. म्हणजे मशीननं वाढवून दिलं की ऐकू येतं, नाहीतर येत नाही, हे त्यांचं आता पक्कं झालं. ते मी पक्कं केलं. तेव्हापासून दरवर्षी घेवडा येतो. बायको सुक्या मिरच्या घालून करते आणि सुभेदारांना दुवा देते. मी दोन भाकऱ्या जास्त खातो, तिला संशय नको म्हणून.

गेल्या महिन्यात त्यांच्याच गावात गेलो होतो. उसाच्या एका ट्रॅक्टरला अँप्लिफायर बसवायचा होता, गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टर साताऱ्याला कसा येणार, म्हणून मीच गेलो. काम दिवेलागणीला संपलं. निघालो तर देवळात गुरुवारचं भजन चाललेलं, आणि बाहेरच्या पायरीवर सुभेदार बसलेले. हात मांडीवर, एकावर एक ठेवलेले. मला बघून सरकले, जागा केली, चहा सांगितला.

आत पखवाज दुसराच माणूस वाजवत होता. चौथ्या-पाचव्या ठेक्याला मला कळलं की डावी बाजू उतरलीय, कातडं सैल पडलं असणार. गात होते त्या सुराशी काही केल्या जमत नव्हती. मी तिरक्या नजरेनं सुभेदारांकडे बघितलं. प्रत्येक ठेक्याला त्यांच्या भुवया आवळत होत्या. मग त्यांनी अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं, मला विचारलं.

"तुजं कान तयार हायत, सलीम. पखवाज उतारलाय न्हवं? का मलाच तसं येतंय?"

एका शब्दाचं काम होतं. व्हय. एवढंच म्हणायचं होतं. पण मी व्हय म्हणालो असतो, तर त्यांनी आधी पखवाजाचा विचार केला असता आणि मग त्या दसऱ्याचा. तो हिशोब त्यांना करू द्यायचा नव्हता मला. कानांवर वीस वर्षं पोट भरणारा मी, चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "मला गाड्यातलं कळतं, सुभेदार. त्यातलं न्हाई कळत."

"आसंल," ते म्हणाले.

पखवाज उतरला होता. सुभेदारांना बरोबर ऐकू येत होतं, पहिल्या दिवसापासून.