पोवळ्याच्या पाण्यातले ढब्बू पैसे

२० मे १९६२, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. पाण्याचे तापमान अठ्ठावीस. उघडी तोंडे : शून्य.

या नोंदी मी नाकाला पदर लावून केल्या. अकोल्याहून मामेबहिणीचे लग्न आटोपून पहाटेच्या गाडीने परतले, तेव्हा आमच्या अमरावतीच्या घराच्या दिवाणखान्यातच तो वास आडवा आला. नासलेले अंडे आणि चार दिवस ओले राहिलेले पोतेरे यांच्या मधला कुठला तरी. खिडकीपाशी माझी काचेची टाकी होती आणि वास तिच्यातून येत होता.

टाकीत रत्नागिरीच्या खडकांवरून आणलेले जिवंत प्रवाळ होते, दोन मुठींएवढे. प्रवाळ म्हणजे दगडासारख्या सांगाड्यावर दाटीने राहणारे शेकडो चिमुकले प्राणी. प्रकृती ठीक असली की प्रत्येक जण आपले तोंड फुलासारखे उघडतो. ती उघडी तोंडे मी भिंगाखाली रोज मोजत असे. आता सांगाडा पांढरा पडला होता आणि त्याच्यावरून करडी, चिकट लाळ शेंबडासारखी लोंबत होती.

माझे पुढचे आयुष्य त्या लाळेत लोंबत होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मुंबईच्या एका प्राध्यापकांनी मला अट घातली होती : समुद्रापासून इतक्या दूर, वऱ्हाडच्या उन्हाळ्यात हे प्रवाळ जूनच्या मध्यापर्यंत जगवून, नोंदींसह घेऊन या, संशोधनाची जागा तुमची. बाबांची अट त्याहून सोपी होती. जागा मिळाली तर मुंबई; नाही तर इथल्याच मुलींच्या शाळेत नोकरी, आणि स्थळे बघायला सुरुवात.

मी कारणे एकेक करून बाद करायला लागले. ऊष्मा? टाकीतला तापमापक सर्वांत वरची पातळी खुणेने धरून ठेवतो. खूण एकोणतिसावर होती, म्हणजे ओल्या वाळ्याच्या पडद्याने आपले काम केले होते. क्षार? घनतामापकाचा आकडा नेहमीचाच. हवा? ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये भरलेली हवा रबरी नळीतून अजून बुडबुडे काढत होती. उरला तळ. वाळू उकरलेली दिसली, म्हणून मी बाही सारून हात घातला. बोटांना आधी लाळ लागली, मग हळदीने माखलेले मोगऱ्याचे फूल, मग काहीतरी गोल आणि कडक. मूठ बाहेर काढली. मुठीत ढब्बू पैसे होते.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्या अकोटहून उन्हाळ्यापुरत्या आल्या होत्या.

“आत्याबाई, हे काय आहे?”

“पैसे हायेत. दिसून नाही राह्यले तुले?”

“पाण्यात कोणी टाकले?”

“काल वैशाखी पुनव होती. गल्लीतल्या बाया आल्या. म्हनल्या, घरात समुद्र हाये तं हात लावू द्या. मी कावून नाही म्हनू?”

“नुसता हात लावला?”

“हात लावला, हयदीकुकू वायलं, तीर्थ घेतलं. लय खारं होतं. दोघीतिघींनी थुकून टाकलं.”

“कुठे?”

“तेच्यातच. तीर्थ काय भुईवर थुकतेत?”

मी पैसे बशीत ओतले. नवे पैसे आल्यापासून बाजारात न चालणारी ती नाणी देवाला घासावीत तशी चिंचेने लख्ख घासलेली होती. घासल्यामुळेच त्यांचे तांबे पाण्याला उघडे पडले होते. समुद्राला द्यायचे तेही भाजीवालीने परत केलेले नाणे, ही हिशेबी भक्ती मला त्या लाळेहून जास्त ओंगळ वाटली.

“प्रवाळ मेलं, आत्याबाई.”

“पोवळं मेलं म्हन्ते. ते जितं होतं कवा? आंगठीतल्या पोवळ्याले कोनी दानापानी देते काय?” आणि वळता वळता म्हणाल्या, “पयला पैसा मी नाही टाकला हं. तुह्या बापानं टाकला, परवा, नागपूरच्या अपिलासाठी. तेच पाहून मी बायाइले हो म्हनलं.”

माझे वडील वकील. शहराच्या वाचनालयात दर वर्षी अंधश्रद्धेवर व्याख्यान देणारे.

ते ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली ठेवले नाही. “मे महिना आहे. ऊष्म्यानं मेलं. तसं लिही.”

“पाणी एकोणतिसाच्या वर गेलंच नाही, बाबा.”

“तांब्याचा पुरावा काय?”

मी टाकीतले पाणी आटवून, आम्ल घालून, त्यात पोटॅशियम फेरोसायनाइडचे थेंब सोडले. नळीत लालसर तपकिरी साका उतरला. मी नळी त्यांच्यासमोर धरली.

“पाण्यात तांबं आहे, एवढंच सिद्ध होतं. त्यानंच मारलं कशावरून?” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “आणि लिहायचंच असेल, तर आत्यानं केलं म्हणून लिही. तिला कुठे वाचता येतं.”

या वाक्याची किळस मला अजून येते. लाळ हाताला लागली ती साबणाने गेली होती.

पण ‘त्यानंच मारलं कशावरून’ हा त्यांचा प्रश्न चोख होता. मी प्रवाळ उलटे करून भिंगाखाली धरले. खालच्या, सावलीच्या अंगाला काही तोंडे मिटून घेतलेली होती, पण पेशी शाबूत होत्या. काचेच्या बाटल्यांत राखून ठेवलेले समुद्राचे पाणी दोन बरण्यांपुरते होते. सगळे जिवंत एकत्र राखले तर जूनपर्यंत निभावण्याची शक्यता जास्त; पण मग कारण म्हणून माझा नुसता शब्द राहणार होता. मी छिन्नीने तो जिवंत भाग कापून दोन बरण्यांत वाटला. दोन्ही बरण्यांना सारखी हवा, सारखी सावली. एका बरणीत एक ढब्बू पैसा टाकला आणि दोन्ही ओसरीवर, बाबांच्या खुर्चीशेजारी ठेवल्या.

दुसऱ्या संध्याकाळी पैशाच्या बरणीला तोच वास सुटला. स्वच्छ बरणीत सात तोंडे उघडली. बाबांनी दोन्हींकडे पाहिले आणि खुर्ची आत नेली.

मुंबईला पाठवलेल्या पत्रात मी लिहिले : कारण तांबे, नाणी घरातल्या आणि गल्लीतल्या माणसांनी टाकली, आरंभ माझ्या वडिलांनी केला. पाकीट बंद करण्यापूर्वी ते त्यांना वाचायला दिले. त्यांनी वाचले आणि मुंबईच्या जागेसाठी लागणाऱ्या पालकाच्या संमतिपत्रावर सही केली. आत्याबाईंनी विचारले, “आमचं बी नाव हाये काय त्यात?” नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरासा उतरला.

बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतली आणि बडनेऱ्याला मुंबईची गाडी सुटायच्या आधी भिंग लावले. १४ जून. पाण्याचे तापमान सत्तावीस. उघडी तोंडे : एकोणीस.