काचेतली आजी

घाटकोपरच्या भटवाडीत प्रबुद्धच्या स्टुडिओत फोटो काढायला गेलात, तर तो आधी तुमचा चष्मा मागून घेतो. फुंकर मारतो, स्पिरिट लावतो, पिवळ्या फडक्यानं लख्ख पुसतो आणि मगच कॅमेऱ्याला हात लावतो. लग्नघरी गेला तर कपाटाचा आरसा पुसतो, बारशाला गेला तर बाळाचं नाक. धूळ दिसली की त्याचा हात शिवशिवतो. शेजारीच माझं फोटोच्या चौकटींचं दुकान आहे. माझ्या काचाही तो न विचारता पुसून जातो आणि मी रोज त्याच्यावर खेकसतो. माणूस सोन्यासारखा, पण ही खोड वाईट.

यंदाच्या पावसाळ्यात त्याला मुलुंडहून काम आलं. डोंगराच्या पायथ्याशी एका शेठचा जुना बागबंगला आहे. शहरात फोटो म्हणजे काय हे कुणाला धड ठाऊक नव्हतं, तेव्हा या शेठनं विलायतेहून कॅमेरा आणवला होता म्हणे. आता तिथे टॉवर होणार, म्हणून मालकांना पाडण्याआधी बंगल्याचे फोटो हवे होते. प्रबुद्ध हरखला. म्हणाला, "आपल्या धंद्याचं आजोळच ते, यार."

बंगला सांभाळायला प्रेमाबाई होत्या. नवरा धाकू गेल्यावरही त्या मागच्या खोलीत राहत होत्या. धाकूच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या तिथली बाग राखलेली. प्रबुद्धनं व्हरांडा, जिना, दिवाणखाना सगळं टिपलं. मग प्रेमाबाई म्हणाल्या, "झिला, आमच्या आजीचोय एक फोटू काढ. घर पडला की ती खय दिसतली?"

आजी म्हणजे धाकूची पणजी. शेठनं कॅमेरा शिकताना माळ्याच्या बायकोला समोर बसवलं होतं. तेव्हा फोटो काचेवरच धरत, वरच्या पातळ थरातच चित्र असे. पुढे कुणा काटकसरी माणसानं ती काच मागच्या खोलीच्या खिडकीत फुटक्या तावदानाच्या जागी बसवली. एरवी ती नुसती मळकट दिसे. पण बाहेरून काळी छत्री धरली की आजी उमटे. पितृपंधरवड्यात घरचा म्हाळ असला की धाकूच्या घरात छत्री धरून तिचं दर्शन घेत आणि त्या खिडकीखाली तिचं पान वाढत. दुसरा फोटो नव्हताच.

"चाय ठेवतंय, मग छत्री घेऊन येतंय," म्हणून प्रेमाबाई चुलीकडे गेल्या. खिडकीत तावदानं बरीच होती आणि सगळीच कळकट. आजी कुठल्या काचेत आहे, हे विचारायचं प्रबुद्धला सुचलं नाही. फोटो नीट यावा म्हणून त्यानं स्पिरिटची बाटली काढली आणि आतून एकेक काच पुसत गेला. एका काचेवरून फडकं काळपट निघालं. किती मळ, असं त्याला वाटलं.

प्रेमाबाईंनी बाहेर जाऊन आजीच्या काचेमागे छत्री उघडून टेकवली आणि आत येऊन बघितलं. पुन्हा बाहेर गेल्या, छत्री जरा तिरकी लावून आल्या. काच कोरी होती.

"माझेच डोळे गेले वाटता," त्या हळूच म्हणाल्या. "तुका दिसता मा रे?"

तेव्हा प्रबुद्धला फडकं आठवलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. त्यानं कॅमेरा तोंडासमोर धरला, कोऱ्या काचेचा फोटो काढला आणि म्हणाला, "दिसते ना मावशी. झकास."

हे सगळं त्यानं मला सांगितलं ते आठवड्यानंतर, चौकट करायला आला तेव्हा. तोवर त्यानं कॉम्प्युटरवर आजी तयार केली होती. प्रेमाबाईंचाच चेहरा तरुण केला, नऊवारी नेसवली, नाकात नथ, वर तपकिरी रंग. मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. म्हटलं, जा आणि खरं सांग. तो म्हणाला, "तोंड कुठून आणू रे?" इतका शरमलेला माणूस मी पाहिला नव्हता. आणि तरीही मी चौकट करून दिली, चांगली सागवानी.

म्हाळाला एकटं जायचं धैर्य होईना, म्हणून त्यानं मलाही नेलं. वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ, खीर, सगळा बेत तयार होता. सुपात उद्याचे तांदूळ होते आणि शेजारीण निवडत होती. प्रेमाबाई म्हणाल्या, "माका आता खडो दिसना नाय. डागतर म्हणता डोळे बरे आसत, पण आजी दिसाक नाय ती नायच." त्यांनी सुई-दोराही सोडला होता.

प्रबुद्धनं चौकट पुढे केली. प्रेमाबाईंनी ती उजेडात नेली, जवळ धरली, लांब धरली.

"ही कोण?"

"आजी," प्रबुद्ध म्हणाला.

"आजीक तोंड खय होता?" त्या म्हणाल्या. "शेटाक लाजली, फोटू निघता निघता मान फिरवल्यान. तोंड सगळा पुसट. फकत हात दिसत तिचे, मांडयेर ठेवलेले. आमी हातांच्याच पाया पडू."

प्रबुद्धचे कान लालबुंद झाले. कॅमेरा त्यानं आणलाच नव्हता, तोंड लपवायला काही नव्हतं. "मावशी, काच मी पुसली," तो म्हणाला. "मळ समजून. तुम्ही विचारलंत तेव्हाच मला कळलं होतं. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

प्रेमाबाईंनी खिडकीकडे बघितलं. आता ओरडतील, हाकलतील, असं मला वाटलं. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजे माझे डोळे बरे आसत," त्या म्हणाल्या.

त्यांनी चौकट पालथी करून कोनाड्यात ठेवली आणि आजीचं पान कोऱ्या काचेखाली वाढलं. मग आमचीही पानं मांडली. प्रबुद्ध मान वर न करता जेवत होता आणि प्रेमाबाई शेजारणीच्या हातातलं सूप घेऊन, उंबऱ्यात बसून, तांदळातले खडे वेचत होत्या.