बसायचा सराव

आक्कांशी माझी ओळख भांडणानं झाली. नांदेडच्या ज्या दवाखान्यात मी सिस्टर होते, तिथं त्या पोटातली गाठ घेऊन आल्या आणि लिंगपूजा झाल्याशिवाय गोळी घेणार नाही म्हणून हटून बसल्या. माझ्या नाकावर तेव्हा कायम राग. "मग बसा उपाशी," म्हणत मी पेला आपटला. त्यांनी गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं, सावकाश पूजा उरकली आणि म्हणाल्या, "आण आता तुझी गोळी. जंगलातली दिसतीस, वाघिणीवानी गुरकावून राहिलीस." मी खरोखरच किनवटच्या जंगलाकडची. मला हसू आलं आणि तिथून आमचं जमलं.

गाठीवर इलाज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आक्कांच्या मुलानं मला चाकूरला त्यांच्या घरी येऊन राहायची गळ घातली. मी नुकतीच नोकरी सोडली होती, घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, गेले. लातूर जिल्हा नव्यानंच वेगळा झाला होता. मुलगा तिथल्या नव्या कचेरीत कारकून. माणसं अपुरी, त्यात पावसानं दगा दिलेला, आणि टँकरचं सगळं काम त्याच्या गळ्यात. रजा त्याला कधी मिळायचीच नाही. घरात सून आणि आम्ही दोघी.

विहिरी आटल्या होत्या. शेजारच्या मळ्यात विहीर खोल करायला रोज दुपारी सुरुंग उडायचे. भिंती हादरायच्या, फळीवरच्या ताटल्या वाजायच्या. आक्का डोळे न उघडता म्हणायच्या, "माझा खड्डा खंदून राहिलेत. जमीन लई टणक झालीय." मला ते बोलणं मुळीच आवडत नसे. तरी दुपार झाली की माझेही कान तिकडेच लागायचे.

एकदा अंग पुसताना त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या लिंगायत रीतीत माणसाला आडवं पुरत नाहीत. मांडी घालून, हातात लिंग देऊन बसवतात. त्यांची सासू गेली तेव्हा थोरल्या मुलाची वाट बघत सगळे थांबले. तो आला तोवर अंगाचं लाकूड झालेलं.

"मी बाजूच्या खोलीत होते," आक्का म्हणाल्या. "चौघांनी गुडघे मोडले. आवाज आला. माझं पोरगं टँकरच्या मागं, सून पाण्याला. मला येळेवर कोण बसवंल?"

"मी बसवीन."

"तुला एकटीला जमंल का? मेलेलं माणूस जड असतंय."

"हे मला सांगता?"

"तुला काय, तुमच्यात जाळतात. आडवी पडलीस की झालं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सराव लावला. मी त्यांचे सुजलेले पाय दुमडायचे, त्या दात आवळून घ्यायच्या. पाठ ताठ राहत नसे, म्हणून मी मागं बसून पाठीला पाठ लावायचे. जित्या माणसाकडून मरणाची तालीम करून घेण्याची मला भीती वाटायची. पण आमच्या खऱ्या गप्पा झाल्या त्या अशाच, एकमेकींचं तोंड न बघता. मला सोडून गेलेल्या नवऱ्याचा त्या मनसोक्त उद्धार करायच्या. मला बहीण नाही; असती तर अशीच असावी असं तेव्हा वाटायचं. पुढं पुढं त्यांचं वजन पाठीला कमी लागू लागलं. तीर्थाचा चमचाही ओठांच्या कडेनं ओघळायचा.

त्या दिवशी टँकर अवेळी आला. सून घागरी घेऊन धावली, गल्ली ओस पडली. आक्का म्हणाल्या, "बसव."

"आज राहू द्या. धाप लागलीय."

"बसव म्हणते न्हवं."

बसवलं. लिंग त्यांनी स्वतः तळहातावर घेतलं. मी मागं बसले. सून आली का, असं त्यांनी विचारलं; नाही म्हटलं. मग सुरुंग उडाला. ताटल्या वाजल्या, थांबल्या. खड्ड्याचं बोलणं आलं नाही. पाठीला त्यांचा श्वास लागत होता, तो लागेना.

वळून नाडी बघायला हवी होती. पण वळले असते तर त्या कलंडल्या असत्या, आणि एकटीला पुन्हा तसं बसवणं जमलं नसतं. मी बसून राहिले. सून आली, हंबरडा फोडून खाली बसली. तिला मी पोस्टातून लातूरला फोन करायला पिटाळलं. बाया जमल्या. एक म्हातारी म्हणाली, "आधी खाली निजवा, पोरगं आल्यावर बसवू." मी अशी खेकसले की परत कुणी जवळ आलं नाही.

आधी पाठीची ऊब गेली. मग ती पाठ हळूहळू घट्ट होत गेली. माझ्या पायांत मुंग्या आल्या, नंतर पाय असल्याचंच कळेना. मला रडायचं होतं. रडले तर पाठ हलेल म्हणून रडले नाही.

दिवेलागणीला मुलगा टँकरमध्ये बसूनच आला. आईच्या पायांवर डोकं ठेवून माझ्यासमोर येऊन बसला.

"मावशी, उठा आता."

"पडतील त्या."

"न्हाई पडत. बघा तर."

मी जराशी पुढं सरकले. मग आणखी जराशी. आक्का बसलेल्याच राहिल्या.