सर्वांनी उभे राहावे

गिरीज गावच्या आग्नेल डाबरेला गप्प बसलेल्या माणसांची भीती वाटते. शाळेत तो गणित शिकवतो, रविवारी चर्चमध्ये गायनमंडळाला ऑर्गनवर साथ करतो. दोन्हीकडे समोरून उत्तर येतं. त्याच्या तिघांच्या बँडमध्ये मात्र येत नव्हतं. धाकटी बहीण लूर्डस गायची, फुलपाड्याचा संकेत ड्रम वाजवायचा, चाली आग्नेलच्या. गाणी मराठी, स्वतःची. लग्नाच्या हॉलमध्ये लोक ती ऐकत जेवायचे आणि मग कोणीतरी विचारायला यायचं, "जुनं हिंदी काही येतं का?"

चार वर्षं असंच चाललं. मग संकेतला एका ऑर्केस्ट्राचं बोलावणं आलं.

"सर, आमच्या कॉम्प्लेक्सच्या कार्यक्रमात आपल्याला अर्धा तास मिळवलाय," तो म्हणाला. "लोकांनी ऐकलं तर मी इथेच. नाहीतर जातो. राग मानू नका."

आग्नेलनं राग मानला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे फक्त सरावाची खोली आली: ड्रम नाही, फरशीवर ड्रमच्या पायांचे तीन गोल डाग. घाबरला की तो ओळखीचं काम काढतो. गायनमंडळासाठी दर आठवड्याला छापतो तसे त्यानं गाण्यांचे कागद छापले आणि कार्यक्रमाच्या दिवशी फुलपाड्यातल्या दीडशे खुर्च्यांवर एकेक ठेवला.

संकेतनं एक उचलला. "सर, हे काय?"

"शब्द. लोकांना कळावेत म्हणून."

"अहो, वर 'सर्वांनी उभे राहावे' लिहिलंय!"

आग्नेलनं वाचलं. मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेची, जुनी फाईल उघडून त्यानं फक्त गाणी बदलली होती. ध्रुवपदापुढचं 'सर्व', म्हणजे इथे सगळ्यांनी गायचं, हेसुद्धा तसंच राहिलं होतं.

"दादा, आता प्रवचनही देऊन टाक," लूर्डस म्हणाली.

कागद गोळा करायला वेळ नव्हता. माइकवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं.

पहिलं गाणं पत्ता सांगण्याचं. लूर्डसनं सुरुवात केली, 'घर कुठे तुझं, घर कुठे?' पहिल्या रांगेतले आत्माराम सावंत चष्मा लावून कागद वाचत होते. ते उठले आणि मागे वळून हातवारे करू लागले.

"उठा, उठा! लिहिलंय ना!"

"राष्ट्रगीत आहे का?" त्यांच्या बायकोनं विचारलं.

"नाही गं. पण लिहिलंय."

दीडशे खुर्च्या करकरल्या. 'सर्व'पाशी माणसं कागदातून गायली: 'नारळ होता ना, तिथून डावीकडे.' पहिल्यांदा चाचरत, दुसऱ्यांदा हसत. फुलपाड्यात प्रत्येकाचा पत्ता अशाच कुठल्यातरी नसलेल्या झाडापाशी वळतो. तिसऱ्यांदा लूर्डसनं ती ओळ लोकांना देऊन टाकली आणि स्वतः खालच्या सुरात उतरली, गायनमंडळात दुसरा आवाज धरतात तशी. आग्नेलनं कीबोर्डवरची बोटं विरळ केली. चार वर्षं तो लोकांची जागा आपल्याच सुरांनी भरत आला होता. आता ती मोकळी झाली आणि भरलीही. संकेतनं मात्र ठोका सोडला नाही. सोडला असता तर दीडशे माणसं एकमेकांवर पडली असती.

पाचही गाणी सगळ्यांनी उभ्यानं म्हटली. दोन गाण्यांनंतर एका आजींनी "आता बसू का?" असं विचारलं, पण उत्तराची वाट न पाहता त्या पुढे गात राहिल्या.

नंतर शेजारच्या बिल्डिंगमधल्या स्वप्नाताई स्टेजजवळ आल्या. "आमच्याकडे कधी येता? कागद घेऊन या मात्र."

आग्नेल बोलणार तोच संकेत घाम पुसत पुढे झाला. "कुठलाही शनिवार सांगा, ताई."

ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम शनिवारीच असतात, हे बँडमधल्या तिघांनाही माहीत होतं.