साफसफाईत गेलेलं रान

वसईजवळ वालीवच्या कारखान्यांच्या मागे आमची सोसायटी आहे. तिच्या भिंतीपलीकडे रान होतं. जागा उद्यानासाठी राखीव, म्हणून तिथे कुणी इमारत बांधली नाही आणि उद्यानही केलं नाही. त्या दुर्लक्षात ते वाढलं. काकड, भोकर, करंज, त्यांच्या पायाशी दिंडा आणि रानहळद. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांना झाडं दाखवायला मला कधी बस करावी लागली नाही.

खालच्या मजल्यावरच्या मावशी मूळच्या भुईगावच्या. जून लागला की आम्ही दोघी तिथे शेवळं ही रानभाजी काढायला जायचो. शेवळं घशाला खाजतात, म्हणून भाजीत काकडाची आंबट फळं घालायची. तीही तिथेच मिळायची. मावशी वर कोळंबी टाकायच्या, मी वाल.

गेल्या मे महिन्यात सकाळीच जेसीबीची घरघर ऐकू आली. धावत खाली गेले. भिंतीवर फलक लागला होता : सुशोभीकरण व वृक्षारोपण. म्हणजे झाडं लावायची म्हणून रान उपटत होते.

"झाडं का पाडताय?" मी ठेकेदाराच्या माणसाला विचारलं.

"झाड एकही नाही पाडलं, मॅडम. मोठी सगळी ठेवलीत. ही नुसती झाडी आहे, कचरा. साप निघतात म्हणून तुमच्याच सोसायटीची तक्रार होती."

मागे उभे असलेले आमचे सेक्रेटरी म्हणाले, "मुलांना खेळायला जागा होईल." शेजारच्या नाल्यातून कारखान्यांचं रंगीत पाणी वाहतं. त्याची तक्रार करायला मात्र यांना कधी वेळ झाला नाही. माझं डोकंच फिरलं.

तेवढ्यात मावशी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या. जेसीबीच्या पुढ्यात ती टाकून बसल्या आणि चालकाला म्हणाल्या, "आधी मला उचल, बाबा, मग माझी भाजी." त्याने मशीन बंद केलं. मीही त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

दुपारी पालिकेचे साहेब आले. "दुर्मीळ आहे का काही इथे? तसं असेल तर बघता येईल."

"नाही," मी म्हणाले. "सगळं साधंच आहे. वसईत पूर्वी कुठेही दिसायचं असं. जगायला दुर्मीळच व्हायला हवं का?"

त्यांनी मान हलवली, कुणाला तरी फोन लावला. ठरलं ते असं : पुढचा भाग साफ करायचा, मागचा तूर्तास ठेवायचा. पुढे आता पेव्हर ब्लॉक आहेत, बाहेरून आणलेले पाम आहेत आणि टँकरच्या पाण्यावर जगणारी हिरवळ आहे. तिच्यावर पाय ठेवला तर रखवालदार शिटी मारतो. मुलं पार्किंगमध्येच खेळतात.

उद्घाटनाला पालिका मला 'पर्यावरणप्रेमी' म्हणून शाल देणार होती. मी गेले नाही. मावशी गेल्या, आणि भाषणं चालू असताना उठून त्यांनी विचारलं, "मागचं रान कायमचं राहणार, असं आता सगळ्यांसमोर सांगा."

साहेबांनी पुढच्या वक्त्याला बोलावलं.