सांडशीतलं लिंबू

दिनकरच्या लग्नाला वऱ्हाडात निघालो तेव्हा आमच्या आळीतल्या लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी परत येईन याची कुणाला खात्री नसावी. मे महिना, त्यात बुलढाणा जिल्हा. वहिनीने खिशात ठेवायला कांदा दिला, शेजारच्या काकांनी टोपी दिली आणि आमच्या हेडमास्तरांनी सल्ला दिला, की तिकडे कुणाशी वाद घालू नका. सल्ला चांगला होता, पण माणूस चुकीचा निवडला होता. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो आणि मुलांकडून वादविवाद स्पर्धेची तयारी करून घेतो. टोपी मी बरोबर घेतली, सल्ला पुण्यातच राहिला.

दिनकर आमच्याच शाळेत गणित शिकवतो. मूळचा पिंपळगाव राजाचा. महाराष्ट्र झाला तेव्हा आम्ही त्याला चिडवत होतो, की चला, आलात एकदाचे आमच्यात. तो शांतपणे म्हणायचा, "आम्ही कुठे आलो? तुम्हीच आमच्यात आलात. एकदा येऊन तर बघा." लग्न ठरल्यावर त्याने पहिली पत्रिका मलाच आणून दिली. म्हणजे न जाण्याची सोयच राहिली नाही.

मनमाडला गाडी बदलून मलकापूरला उतरलो. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या आणि त्यांच्या सावलीत माणसं, कुत्री आणि एक टांग्याचं घोडं एकाच ओळीत निजलेली होती. ऊन असं, की सावलीतसुद्धा डोळे बारीक करावे लागत होते. मला न्यायला दिनकरचे मामा आले होते. उंचेपुरे, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला, मिशा अशा की पोस्टमनसुद्धा बिचकावा. सगळे त्यांना बापूमामा म्हणत.

"पुण्याचे मास्तर का तुम्ही?"

"हो."

"मंग आधी खरबूज खा. बोलनं मागून."

मामांनी कमरेच्या म्यानातून वीतभर लांबीचा, शिंगाच्या मुठीचा चाकू काढला आणि उभ्या उभ्या खरबुजाच्या फोडी केल्या. पहिली मला, दुसरी टांगेवाल्याला, तिसरी शेजारी बसलेल्या अनोळखी म्हातारीला. चाकू धोतराला पुसून म्यानात गेला. पुढे दोन दिवस हा चाकू सारखा बाहेर येत होता. सुपारीला, दोरीला, आंब्याला, एकदा तर माझ्या चपलेत घुसलेल्या काट्याला. त्या चाकूशिवाय मामा मला कसे दिसतील, याची कल्पनाच करता येईना.

पिंपळगावला पोचलो तेव्हा दिनकरला हळद लागत होती. आमचा गणिताचा शिक्षक पाटावर पिवळाजर्द होऊन बसला होता. हळद धुतली आणि आईने त्याच्या हातात कट्यार दिली. घरातली जुनी, टोकाला लिंबू खोचलेली. हळद लागलेल्या नवरदेवाला बाधा लवकर होते, म्हणून लग्न लागेपर्यंत त्याच्या हातात लोखंड पाहिजे. दिनकर ती कट्यार घेऊन जेवला, कट्यार घेऊन झोपला आणि कुणी बघत नाहीसं पाहून तिच्या मुठीने पाठही खाजवून घेतली.

"तुझा विश्वास आहे का रे यावर?" मी विचारलं.

"माझा नाही," तो म्हणाला, "पण आईचा आहे, आणि वडील गेल्यापासून तिने माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी ठरवलेल्या एस.टी.तून वऱ्हाड निघालं. नवरी सुमन चिखलीच्या पलीकडच्या एका गावची. गावाचं नाव सांगत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. गाडी घाट चढायला लागली तशी खिडकीतून येणारी हवा जरा माणसात आली. खाली पळसाची मोठमोठी पानं, वर सागाची वाळलेली झाडं, आणि गाडीत बायकांची नवरदेवाला खिजवणारी गाणी. इंजिन तापलं म्हणून ड्रायव्हरने गाडी थांबवली, तेव्हा मामांनी झाडाखाली टरबूज कापलं. चिखलीला बाजाराचा दिवस होता. तिथे भज्यांबरोबर तिखटाचा ठेचा खाल्ला आणि नंतर बराच वेळ मी कुणाशी वाद घातला नाही.

गावाच्या शिवेवर गाडी अडवली. रस्त्यात स्वतः सरपंच उभे होते आणि त्यांच्याशेजारी सुमनचा थोरला भाऊ वसंता. वसंता चिखलीच्या कापड दुकानात कारकून. तिशीचा असेल, हसतमुख, पण डावा हात अंगाशी धरून चालायचा. त्या हाताची बोटं मिटत नव्हती. सरपंचांनी हात जोडून सगळ्यांचं स्वागत केलं आणि त्याच हातांनी सांगितलं, की गावात लग्न असलं की चाकू, सुरी, कट्यार, जे असेल ते शिवेवरच्या शाळेत ठेवायचं. जाताना परत मिळेल.

"कट्यार कशी ठेवू?" मामा म्हणाले. "नवरदेवाच्या हातातली हाये ते."

"तेच सांगून राह्यलो," वसंता म्हणाला. "सुमननं निरोप देला. कट्यार गावात आली तं ते मांडवात येनार नाई."

गाडीतलं गाणं बंद पडलं. मुहूर्त संध्याकाळचा. ऊन कलायला लागलं होतं. दिनकर पिवळा होताच, आता पांढरा पडला. सुमनला तो दोन वर्षं पत्रं लिहीत होता, हे गाडीत मला एकट्यालाच माहीत होतं.

सगळी पुरुष मंडळी शाळेच्या ओट्यावर बसली आणि वादाला सुरुवात झाली. काय सांगू, मला स्वर्ग दोन बोटं उरला. वरपक्षाकडून बोलायला मीच उभा राहिलो. म्हटलं, चाकूवर बंदी घालता, मग कुऱ्हाडीचं काय? विळ्याचं काय? रस्त्यातल्या दगडाचं काय? मारायचं ज्याच्या मनात आहे त्याला हत्यार कुठेही मिळतं. आणि ज्याच्या मनात नाही, त्याच्याकडून चाकू काढून घेऊन तुम्ही त्याचा फक्त अपमान करता. मामा प्रत्येक वाक्याला मांडीवर थाप मारत होते. सरपंचसुद्धा मान हलवायला लागले होते.

"तुमच्याच मांडवात पाहा ना," मामांनी भर घातली. "सुऱ्या समद्या शाळेत कोंडल्या. आता तुमचा आचारी वांगे कायनं कापून राह्यला?"

 सरपंचांनी पोलीस पाटलाला स्वयंपाकाकडे पाठवलं. तो येऊन हळूच म्हणाला, की आचारी बसून आहे आणि बायका बुक्कीने कांदे फोडून राहिल्या आहेत. सगळा ओटा हसला. वसंताही हसला. मग त्याने सदरा वर केला. खांद्यापासून काखेपर्यंत मोठा व्रण होता.

"मास्तर, तुमचं खरं हाये," तो म्हणाला. "ठरवून येते त्याले कोनतंच गाव अडवू शकत नाई. पन मले ज्यानं मारलं त्यानं ठरवलं नव्हतं. मांगच्या साली, इथंच, एका लग्नात. दोस्त होता माहा, शायेपासूनचा. टरबूज कापून राह्यला होता म्हनून चाकू हातात होता. घोड्यापुढे कोन नाचनार याच्यावरून बोलाचाली झाली. बस."

त्याने डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने मिटवून पाहिली.

"घरून चाकू आनाले जा लागला असता तं मधात त्याची माय भेटली असती. ते म्हनली असती, कुठे चालला बे, आधी जेव. तो जेवला असता." वसंताने सदरा खाली ओढला. "आता तो जेलात हाये. त्याची माय आमच्या घरी येऊन बसते. मले पाह्यते अन् रडते. मी तिले काय सांगू?"

मी खाली बसलो. पण मामा कुठले बसतात. त्यांचा आवाज उतरला होता, हेका उतरला नव्हता. "मले वाईट वाटते, बापा. पन लोखंडाशिवाय भाचा मांडवात न्यायचा नाई. काई झालं तं बहिनीले काय तोंड दाखवू?"

तेवढ्यात दिनकरची आईच गाडीतून उतरून आली. चहाच्या सामानाचं गाठोडं तिच्या हातात होतं. पुरुषांच्या बैठकीत ती सहसा यायची नाही, म्हणून सगळे सावरून बसले.

"काऊन भांडून राह्यले?" ती म्हणाली. "लोखंडच पाह्यजे ना? मंग हे काय पितळेची हाये?"

तिने गाठोड्यातून काळीकुट्ट सांडशी काढली. कट्यारीच्या टोकाचं लिंबू उपसून सांडशीत पकडलं आणि सांडशी दिनकरच्या हातात दिली. मग मामांकडे पाहून नुसता हात पुढे केला. मामांनी मोठ्या नाइलाजाने कमरेचं म्यान सोडलं. कट्यार, मामांचा चाकू आणि आणखी बरंच काही शाळेच्या खोलीत गेलं. माझा पेन्सिल तासायचा चाकूही मी देऊन टाकला, वसंताने तो बघून हसू दाबलं. मग सरपंचांनी एक सुरी आचाऱ्यासाठी बाहेर काढू का, असं विचारलं. वसंता म्हणाला, "नाई. वांगे अख्खे शिजतीन."

वरात निघाली. दिनकर घोड्यावर, डोक्याला बाशिंग, हातात सांडशी, सांडशीत लिंबू. मी खूप लग्नं पाहिली, पण इतका आनंदी आणि इतका हास्यास्पद नवरदेव पाहिला नाही. वाजंत्री वाजत होती, धुळीने रस्ता दिसत नव्हता. मारुतीच्या पाराशी नवरीकडचा एक तरणा गडी मोठ्याने म्हणाला, "अबे, हा नवरदेव लगन कराले आला का दूध उतरवाले?"

सगळे हसले. खरं सांगायचं तर मीही हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी गड्याची गचांडी धरली. त्याने मामांची धरली. ओढाताणीत मामांचा रुमाल सुटून धुळीत पडला, आणि भाचा घोड्यावर असताना मामाचा रुमाल धुळीत पडणं म्हणजे तिकडे काय असतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मी त्यांच्या अगदी शेजारी होतो. त्यांचा उजवा हात कमरेकडे गेला. झटकन गेला, खरबूज कापायच्या वेळी जायचा तसाच. तिथे काही नव्हतं. बोटं रिकाम्या जागेवर मिटली आणि हात तिथेच राहिला. मामांनी मान खाली घालून स्वतःच्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाचा हात पाहावा तसं पाहिलं. समोर वसंता उभा होता. त्यानेही पाहिलं होतं. तो हलला नाही.

तेवढ्या वेळात त्या गड्याने मामांना एक सणसणीत ठेवून दिली. मामांनीही दिली. मग रीतसर मारामारी झाली. सनईवाला पळाला, कुणीतरी कुणाच्या कपाळात पितळी तांब्या घातला आणि टेंगूळ आलं. मांडवातून भटजी ओरडले, की मुहूर्त टळतोय, तसे सगळे, मारणारे आणि खाणारे, एकत्रच मांडवाकडे धावले. सुमनने दिनकरच्या गळ्यात माळ घातली तेव्हा तिची नजर आधी सांडशीवर गेली आणि मग त्याच्यावर. दोघंही हसायला लागली.

पंगतीत अख्खी वांगी होती, हाताने फोडून खायची. त्याहून चांगली वांग्याची भाजी मी आजवर खाल्लेली नाही. ज्याने थप्पड मारली तोच गडी मामांना बुंदी वाढायला आला आणि "घ्या ना मामाजी" म्हणत तिथेच अडून बसला. मामांनी घेतली. तो पुढे गेल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, हात गेलता."

"पाहिलं मी."

"चाकू असता तं?"

वाद घालायचा माझा धंदा आहे. दोन्ही बाजूंनी बोलायला मी शिकवतो. तरी म्हटलं, "माहीत नाही, मामा."

"मले मालूम हाये," ते म्हणाले आणि ताटावर वाकले.

दुसऱ्या दिवशी नवरीला घेऊन परतलो आणि मामा मला मलकापूरला पोचवायला आले. गाडीला वेळ होता. मामांनी खरबूज घेतलं, ते हातात तोललं आणि सवयीने कमरेकडे हात नेला. कमरेला म्यान नव्हतं.

"राहिला का तिथेच?" मी म्हणालो. "पत्र टाका, वसंता पाठवून देईल."

"राह्यला नाई. ठेवला." मामांनी खरबूज बाकाच्या कडेवर आपटलं. अर्धा रस माझ्या सदऱ्यावर उडाला. तेच तुकडे त्यांनी वाटले, पहिला मला, दुसरा हमालाला. "असं फोडलं तं रस वाया जाते," ते म्हणाले. "जाऊ द्या." गाडी हलली तेव्हा ते फलाटावर उभे राहून धोतराला हात पुसत होते. 

जून महिन्यात शाळा उघडली. यंदाच्या वादविवादाला मी विषय ठेवला आहे, चाकूबंदीने खून थांबतात का. विरोधी बाजूचे मुद्दे मी सांगतो, ते पोरं भराभर उतरवून घेतात. कुऱ्हाड, विळा, दगड, सगळं. ते मुद्दे अजूनही मला खोटे वाटत नाहीत, आणि टाळ्या त्यांनाच जास्त पडतील. विषयाच्या बाजूने बोलणाऱ्या मुलाला मी मुद्दे दिलेले नाहीत. त्याला म्हटलं, आधी नुसता उभा राहा. उजवा हात झटकन कमरेकडे ने. तिथे काही नाही असं समज, आणि थोडा वेळ आपल्या हाताकडे पाहा. मग बोल.