कुणालाच न ओळखता आलेली गाडी

गल्लीत गाड्या दुरुस्त करणारे ढीगभर होते, पण गाडीत बसणाऱ्याच्या पाठीचा विचार करणारी एकच होती. तिला सगळे सीटमावशी म्हणत. सीटा उसवायच्या, आतला कुजका काथ्या उपसायचा, नवं भरण घालून वर रेक्झिन नाहीतर चामडं शिवून चढवायचं, हा तिचा धंदा. जुन्या उघड्या गाड्यांचे कापडी टपसुद्धा शिवायची. साठी उलटली तरी हात असा चालायचा की बघणाऱ्याला वाटावं, बाई झोपेत शिवतेय. आणि खरं सांगायचं तर अर्धा वेळ ती झोपेतच असायची. डोळे उघडे, पाय मशीनवर आणि मन भलतीकडेच. गिऱ्हाईक समोर उभं राहून घसा खाकरायचं, तेव्हा ही दचकून विचारायची, "अगं बाई, आलात कधी?" आता यावर माणसानं बोलावं तरी काय!

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारात शिवणयंत्र, मागे भिंतीला टेकवलेल्या सीटा, वर टांगलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या. दुपारी वरच्या काचेतून ऊन आत यायचं आणि काथ्याची धूळ त्यात इतकी सावकाश तरंगायची की घड्याळाचाही डोळा लागावा. त्या उन्हात मावशीला एक गाडी दिसायची. उघडी, लांब नाकाची. पांढऱ्या रस्त्यावरून जायची, पण आवाज म्हणून नाही. दोन्ही बाजूंची झाडंही तिच्याबरोबर थोडी थोडी चालायची. स्टिअरिंगवर एक बाई असायची, नेहमी पाठमोरी. गाडी कधी निळी असायची, कधी सायीच्या रंगाची. मशीनवर टीप पुढे सरकायची तशी गाडी पुढे सरकायची, आणि कापड संपलं की रस्ताही संपायचा.

ती बाई म्हणजे तिची आई. मावशी नुकती चालायला लागली होती, तेव्हाच आई घर सोडून गेली. बापही फार दिवस टिकला नाही. पोरीला वाढवलं ते आत्यानं, बापाच्या विधवा बहिणीनं. लोकांची धुणी धुतली, शिवणं केली, स्वतः उपाशी राहिली पण पोरीच्या तोंडचा घास कधी चुकू दिला नाही. फक्त आईचा विषय निघाला की तिच्या जिभेला धार यायची. "गाडीवाल्याबरोबर गेली तुझी आई! वर तोंड करून त्याच्या गाडीतला फोटो धाडला टपालानं. जनाची नाही, मनाची तरी?" पोर मोठी झाल्यावर तो फोटोही तिनं तिच्या हातात ठेवला. उघडी गाडी, मागे झाडं, स्टिअरिंग धरून बसलेली आई. हसू ओठात दाबलेलं.

सगळ्यांना वाटायचं, ही बाई पोटासाठी गाड्यांच्या गल्लीत आली. पोटासाठी घरी बसून झबली-टोपडी शिवता आली असती की! ती आली होती त्या गाडीसाठी. जुनी गाडी कुठेही फिरो, कधीतरी तिच्या सीटा फाटणारच. मग ती दारात येईल, मालकही येईल, आणि त्याला धरून विचारता येईल, माझी आई कुठे आहे? मला का नाही नेलं? एवढंच विचारायचं होतं बघा तिला. आई आता कुठली जिवंत असायला, हे तिलाही कळत होतं. पण कळून उपयोग काय, प्रश्न काही म्हातारा होत नव्हता.

गाडी आली नाही. तिच्याऐवजी आला खेळ.

खेळ दुपारच्या चहाचा. खेळणारे तीन आणि मावशी चौथी. जुन्या पार्टांचं दुकान चालवणारे, मावशीहूनही वयानं बरेच मोठे नाना, ड्रायव्हिंग शिकवून शिकवून घसा बसलेले मास्तर, आणि ठोकाठोकी करणारा डेंटर, वयानं लहान पण तोंडानं सगळ्यांत मोठा. कुणीतरी जुना फोटो आणायचा. मासिकातला, रद्दीतला, कुणाच्या लग्नातला. त्यात गाडी हवी, आणि ती अशी हवी की रस्त्यावर कुणी पाहिलेली नसेल. फोटो धरणाऱ्यानं गाडीच्या नावावर अंगठा दाबून ठेवायचा. बाकीच्यांनी दिवे, चाकं, दारं बघून ओळखायचं. चुकेल त्याचा चहा. मास्तर पुढून ओळखत, डेंटर पत्र्याच्या वळणावरून. मावशी शिवणीवरून. "सीटच्या कडेची ही पायपिंग बघा, आणि पाठीवरच्या या उभ्या घड्या. हम्बर आहे," असं ती जांभई देत म्हणायची आणि बरोबर निघायचं. नाना मात्र सगळ्यांचे गुरू. तीन दिव्यांची ताट्रा असो की नाव घेताना जीभ अडखळेल असली कुठली गाडी असो, ते चष्मा पुसत पुसत सांगायचे. बंद पडलेल्या कारखान्यांची नावं तर गेलेल्या नातेवाइकांसारखी घ्यायचे. "बिचारी जोवेट," म्हणायचे. "चांगल्या घरची होती. टिकली नाही."

इतकी वर्षं हा खेळ चालला, पण आपला फोटो मावशीनं कधी काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आई पळाली हे चारचौघांत कोण सांगेल?

आणि मग नानांनी दुकान विकलं. मुलगा त्यांना आपल्याकडे दूरच्या शहरात न्यायला यायचा होता. हे ऐकून मावशीनं मशीन थांबवलं. ती गाडी सांगू शकेल असा एकच माणूस, आणि तोच चालला! शेवटच्या दुपारी चहा आला, तसा तिनं जिवाचा धडा केला आणि पिशवीतून फोटो काढला.

"ओळखा."

"मावशी, अंगठा चुकीच्या जागी ठेवलात," मास्तर म्हणाले. "बाईच्या तोंडावर कशाला?"

"असू द्या. नाव गाडीवर नाहीच आहे. तुम्ही गाडी बघा."

डेंटर पुढे सरसावला. "हॅ! ही तर पानहार्ड. डोळे मिटून सांगतो."

"डोळे मिटूनच सांगतोयस," मास्तर म्हणाले. "जाळी बघ. असली जाळी हॉचकिसला असायची. पण दिवे... दिवे तिचे नाहीत."

"नाक एका घरचं, डोळे दुसऱ्या घरचे," डेंटर म्हणाला. "पाहुण्यांवर गेली असेल!"

हसणं झालं. मावशी हसली नाही. "दाराच्या वरच्या कडेला बघा," ती म्हणाली. तिचा आवाज जरा चढलाच. "ही चार बटणं. पावसाचे पडदे अडकवायची. पण बटणं नेहमी लांब लांब असतात, ही अशी चिकटून आहेत. अशी बटणं मी एकाही गाडीवर पाहिली नाहीत. शोध शोध शोधली. नाना, तुम्ही सांगा ना."

नानांनी मावशीच्या हातातल्या फोटोवर मान वाकवली. चष्मा वर सारला, भिंग काढलं. उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकून त्यांच्या मनगटावर आला. मावशीला वाटलं, आता ते नाव घेतील आणि ती गाडी खरोखरच गल्लीच्या तोंडाशी वळेल, धूळ न उडवता, आणि या वेळी ती बाई मान फिरवेल.

"चाकांवर भार नाही," नाना म्हणाले.

"म्हणजे?" मावशीनं विचारलं.

"टायर बघ. एवढी गाडी, आत माणूस, आणि टायर खाली जरासुद्धा दबलेला नाही. गोल गरगरीत. सावली पण नाही. दाराची फट ब्रशनं काढलीय." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पोरी, ही गाडी कुठल्या कारखान्यात झालीच नाही. सुतारानं केलीय. फोटो स्टुडिओतली फळी आहे ही. पूर्वी ठेवायचे. मागे रंगवलेला पडदा, पुढे रंगवलेली गाडी. फळीमागे स्टुलावर बसायचं आणि स्टिअरिंग धरायचं."

तिघं पट्टीचे ओळखणारे, चौथी मावशी, आणि एका फळीला तिचा कारखाना विचारत बसले होते! डेंटरला एरवी हसून हसून ठसका लागला असता. पण मावशीचा चेहरा बघून त्यानं चहाचा कप तोंडाला लावला.

मावशी म्हणाली, "फळी कशी असेल? फळीला पावसाचे पडदे कशाला लागतील? मग ही बटणं..."

नानांनी भिंग तिच्याकडे सरकवलं.

तिनं डोळा लावला. चार बटणं. गोल. आणि प्रत्येक बटणावर एक इवलंसं नख.

फळीच्या मागे एक मूल उभं होतं. डोकं वर येईना एवढं लहान. कड मात्र त्यानं घट्ट धरली होती.

जन्मभर ती त्या बोटांना बटणं समजत आली. बटणं लावणारीला दुसरं काय दिसणार! मावशीनं अंगठा उचलला. आई ओठ दाबून हसत होती आणि तिची नजर समोर नव्हतीच. किंचित खाली होती, त्या बोटांकडे. मावशीला रडू फुटलं. "माझी आई," म्हणत, कुणाची लाज न बाळगता ती रडली. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ही तुझी आई होय? मला गाडी सांगता आली नाही बघ," ते म्हणाले. "पण तू तिच्याबरोबर होतीस, एवढं नक्की."

त्या दिवशी तिनं दुकान लवकर बंद केलं. घरी जाताना रस्ते तिला ओळखीचे वाटेनात. संध्याकाळचा उजेड भिंतींवरून ओघळत होता, माणसं पाण्यातून चालल्यासारखी हळूहळू जात होती, आणि तीही त्यांच्यात कशीबशी घरी पोचली.

आत्या पलंगावर उशीला टेकून बसली होती. नव्वदीला आलेली, पाखरासारखी हलकी. मावशीच तिला न्हाऊ घालायची, भरवायची, वेणी घालायची. आज तिनं दूधही तापवलं नाही. फोटो समोर धरला आणि विचारलं, "आत्या, ही बोटं कुणाची?"

आत्याला दिसत कमी होतं. पण त्या फोटोसाठी तिला डोळ्यांची गरज नव्हती. ती पांघरुणाचा काठ चिवडत राहिली.

"तुझीच," ती म्हणाली.

"आणि टपालानं आला म्हणालीस?"

"टपालानं नाही. दाराखालून सरकवला तिनं." आत्याचा आवाज अगदी सपाट होता. "गाडीवाला-बिडीवाला कुणी नव्हता. तुझ्या बापाचा मार सोसवेना म्हणून गेली. काम धरलं, खोली घेतली. मग तुला न्यायला आली. पुन्हा आली. दार वाजवायची, तुझ्या नावानं हाका मारायची. मी कडी काढली नाही. तुला मांडीवर दाबून धरलं होतं, तोंडावर हात ठेवून. मग एकदा, घर सोडायच्या आधी तुला नेऊन काढलेला हा फोटो सरकवला आणि गेली. पुन्हा आली नाही."

"का गं आत्या?"

"तू गेली असतीस तर माझं कोण होतं?" आत्या म्हणाली. मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "आता जाशील का तू?"

मावशीला तिचा संताप आला. असा संताप तिला आयुष्यात आला नव्हता. या हातांनी भरवलं, याच हातांनी तोंड दाबलं! ती उठली, बाहेर आली आणि दार ओढून घेऊन पायरीवर बसली. समोरचा रस्ता रिकामा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. गाडी दिसेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला रस्ता नुसता रस्ता दिसला.

आतून आत्यानं हाक मारली. मावशीनं ओ दिली नाही. आत्यानं पुन्हा हाक मारली, मग पुन्हा. आवाज घाबरा झाला, लहान पोरासारखा. काठी दारावर आपटल्याचा आवाज आला. म्हातारी कशीबशी पलंगावरून उतरून दारापर्यंत आली होती. दार जड होतं, तिच्यानं ते उघडेना. ती दार वाजवत राहिली, मावशीच्या नावानं हाका मारत राहिली. मावशी पायरीवर बसून ऐकत होती. आईनं किती वेळ हाका मारल्या असतील, याचा तिला आता अंदाज आला.

मग ती उठली आणि तिनं दार उघडलं.